आई जागची हलत नाही

तैपेई, १२ एप्रिल

दादास,

आज सकाळी वेळेवर कामावर आले. पेशींचं पाणी बदललं. दुपारी डब्यात भात आणि कोबी होता. संध्याकाळी वहिनीचा निरोप आला, की पुढच्या महिन्यात आईच्या वर्षाच्या विधीला तिच्या उदबत्त्यांची राख पूर्वजांच्या भांड्यात मिसळायची नाही, कारण आईने स्वतःच नकार दिला.

"तुझा फोन आला की माझं ब्लडप्रेशर वाढतं," असं तू म्हणाला होतास, म्हणून पत्र लिहिते.

वहिनीने सगळं सविस्तर सांगितलं. तू दोन लाकडी चंद्रकोरींचा कौल लावलास, की आई, वर्षभर तुझं उदबत्त्यांचं भांडं वेगळं ठेवलं, आता बाबांच्या आणि आजोबांच्या भांड्यात यायला तयार आहेस का. दोन्ही कौल पालथे पडले, म्हणजे नाही. परत लावलास, परत पालथे. मग तू एकेक कारण विचारायला बसलास. शवपेटीत घातलेले बूट घट्ट होतात का? नाही. कवळी ठेवायची राहिली का? नाही. (वहिनी म्हणते कवळी तोंडातच होती, तिने स्वतः बसवली होती. तिला फार लागलं ते.) शेजारच्या आ-ब्यान मावशीने मोठी कढई नेली ती परत दिली नाही म्हणून का? दोन्ही सपाट बाजू वर, म्हणजे आई हसली, उत्तर नाही. शेवटी तू विचारलंस, की पी-युनकडे, म्हणजे माझ्याकडे, प्रयोगशाळेत तुझा जिवंत अंश अडकलाय म्हणून तू येत नाहीस का आणि तो आता संपवायचा का. एक उताणा, एक पालथा. हो.

मला एवढंच लिहायचं आहे, की आईला सगळं माहीत होतं. तिच्या फुफ्फुसाभोवतीचं पाणी काढलं त्या दिवशी डॉक्टरांनी तिला नीट विचारलं होतं, की यातल्या पेशी संशोधनासाठी ठेवू का. सही तिने केली. तिने एकच शंका काढली. "त्यांना खायला काय घालता?" मी सांगितलं, गुलाबी रंगाचं साखरेचं पाणी आणि त्यात थोडा वासराच्या रक्ताचा निवळ भाग. आपल्या घरात गाईबैलांचं कुणी खात नाही हे मला आठवत होतं, पण खोटं कसं सांगणार. ती मग म्हणाली, "ते मी खाणार नाही, पेशी खातील. आणि तू मला सांगितलंस हे कुणाला सांगू नकोस."

आता मी तुला सांगितलं आहे.

काही पेशी उबेच्या कपाटात वाढतात. काही कुप्यांत घालून द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्या आहेत. नियमाने त्या कुणाच्या हे मला कळायला नको होतं, पण बाटली हॉस्पिटलमधून मीच आणली होती. अंत्यविधी झाल्यावर मी लगेच परत आले तेव्हा तू म्हणालास, की हिला आईपेक्षा आईच्या पेशी जवळच्या.  

पी-युन


तैपेई, २६ एप्रिल

दादास,

वहिनी म्हणते, तू पत्र गिरणीत पोत्यांच्या मागे बसून वाचलंस आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून कागदी कोट आणून आईला तिकडे पोचावा म्हणून जाळलास. कुप्या गोठवून ठेवल्यात हे मी लिहायला नको होतं. उणे एकशे शहाण्णव अंशांत कागदी कोट पोचतो का, मला सांगता येत नाही. पण निळा घेतलास ते बरं केलंस. करडा तिला आवडला नसता.

वहिनीने विचारलं, की एवढं त्या पेशींचं करता तरी काय. ती तुझ्या वतीने विचारते हे माझ्या लक्षात आलं आहे, म्हणून तुलाच लिहिते.

फुफ्फुसाचा कॅन्सर जिथे उगवला तिथेच बसून राहिला तर डॉक्टरांना तो बहुतेक वेळा कापून काढता येतो. माणूस जातो तो कॅन्सर चालायला लागल्यावर. आईचा मेंदूपर्यंत गेला. तर पेशी चालतात कशा, हे आम्ही बघतो. बशीत पेशींचा एक सलग थर वाढवायचा. खळ्यावर वाळत घातलेल्या भातातून तू फावडं ओढतोस तशी त्या थरातून एक बारीक रेघ ओढायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवून थोड्या थोड्या वेळाने फोटो घ्यायचे आणि ते जोडून फिल्म करायची. चालणाऱ्या पेशी दोन्ही काठांवरून सरकत येतात आणि दुसऱ्या दिवशी रेघ बुजलेली असते.

आईची बुजत नाही. तीनदा केलं. आई जागची हलत नाही.

आमचे प्राध्यापक को फिल्म बघून म्हणाले, की तुमच्या आई फार शांत स्वभावाच्या असतील.  तिने या बेटावरचं एकही देऊळ सोडलं नव्हतं, ताप असतानाही यात्रेच्या बसमध्ये चढली होती, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. ते म्हणाले, या पेशी चालणारच नसतील तर कपाटात त्यांची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. म्हणजे तुझ्याकडून एक मागणी आहे आणि त्यांच्याकडून एक, आणि दोन्हींचा अर्थ सारखाच होतो.

माझ्या शेजारच्या टेबलावर ल्याओ नावाच्या बाई आहेत. डॉक्टरेट केलेल्या आहेत, सूक्ष्मदर्शक त्यांच्या ताब्यात असतं. तुझ्या गिरणीतल्या मोटारीवर मोटार शहाण्यासारखी वागावी म्हणून हिरव्या पाकिटातले मक्याचे कुरकुरे ठेवलेले असतात, तसेच त्यांनी सूक्ष्मदर्शकावर ठेवले आहेत. पाकीट हिरवंच हवं, न फोडलेलं हवं, आणि मुदत संपायच्या आत बदलायचं. पूर्वी कुणीतरी त्यांच्या गैरहजेरीत पिवळं ठेवलं होतं, तेव्हा कॅमेरा आठवडाभर बंद होता. ती गोष्ट त्या अजून सांगतात.

ल्याओबाईंचं म्हणणं असं, की दोष पाकिटाचाच आहे. त्यावरचं नावच यंत्राला सांगतंय, शहाण्यासारखं वाग, आणि बशी यंत्राच्या पोटात आहे. "काकूंना वाटतंय, त्यांनाच सांगितलंय," त्या म्हणाल्या. आमच्याकडे आईच्या पेशींना क्रमांक आहे, पण सगळे काकूच म्हणतात. काकूंचं जेवण झालं का, काकू आज जरा फिकट दिसतात, असं.

मी म्हटलं, मग पाकीट काढून बघू. त्याला त्या तयार नाहीत. कॅमेरा बिघडला तर कोण बघणार? शेवटी असं ठरलं, की पाकीट कॅमेऱ्याच्या बाजूला तोंड करून ठेवायचं, म्हणजे जे काही सांगायचं ते कॅमेऱ्यालाच सांगेल. प्राध्यापक को परदेशात शिकून आले आहेत. ते म्हणाले, हा शुद्ध वेडेपणा आहे, मला यात ओढू नका. थोड्या वेळाने ते एकटेच परत आले आणि पाकिटावरची मुदत वाचून गेले.

पाकीट फिरवूनही आई हलली नाही.

पी-युन


तैपेई, १० मे

दादास,

आज आ-ब्यान मावशी आली. डोळे दाखवायला आले, असं म्हणाली. तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. बसस्टँडवर तूच तिला सोडलंस आणि वाटेत खायला शेंगा घेऊन दिल्यास, हेही तिने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. हेर पाठवायचा तर जरा कमी बोलणारा पाठवायचास.

तिने आणलेल्या डब्यात वाटीत वाफवलेल्या तांदळाच्या वड्या होत्या. प्रयोगशाळेत खायला परवानगी नाही, म्हणून ल्याओबाई, मी आणि मावशी जिन्यात उभ्या राहून जेवलो. मग तिला फिल्म दाखवली. तुझ्यासाठी बघायला आली होती, तर नीट दाखवावं म्हटलं.

पहिली फिल्म जुनी. रेघ तशीच.

"ही तुझी आई?"

"तिच्या पेशी."

"एवढी गप्प का? बरं नाही का तिला?"

मग या आठवड्यात झालेली फिल्म लावली. ती कशी झाली ते सांगते. पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, दारावरच्या घंटेसारखं. ही घंटा पेशीला स्वतःला वाजवता येत नाही. शेजारच्या दुसऱ्या जातीच्या पेशी असतात, साध्या, निरोगी, फुफ्फुसाला धरून ठेवणाऱ्या. त्या एक प्रथिन बाहेर सोडतात, ते येऊन घंटा दाबतं. आत एक प्रथिन दुसऱ्याला हलवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी पेशी एका बाजूला पाय काढते आणि निघते. आम्ही आईच्या पेशी एकट्याच वाढवत होतो. ठरलेल्या क्रमाप्रमाणे या आठवड्यात शेजारपेशी ज्या पाण्यात वाढल्या होत्या ते पाणी आईच्या बशीत घातलं. शेजारपेशी नाहीत, फक्त त्यांचं पाणी.

सकाळी रेघच सापडेना. ल्याओबाईंना वाटलं, चुकीची बशी ठेवली.

मावशी पडद्याच्या अगदी जवळ गेली. "निघाली, निघाली. बघ कशी निघाली. पिशवी कुठे तिची?" मग विचारलं, आत काय घातलंत. मी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे शेजारणीने हाक मारली. मी म्हटलं, साधारण तसंच. मग तिने ल्याओबाईंना सगळी हकिकत सांगितली. आई एकटी कोपऱ्यावरून सोया सॉस आणायलाही कधी गेली नाही. पण मावशी जिन्याखाली उभी राहून "आ-लुआन, निघालीस का? बस आली" असं ओरडली, की भाताखालचा विस्तव तसाच टाकून खाली. बस कधीच आलेली नसायची. पुढे अर्धा तास दोघी रस्त्यावर उभ्या असायच्या. ल्याओबाई इतक्या हसल्या, की त्यांना खुर्ची घ्यावी लागली.

फिल्म संपली तरी मावशी पडद्याकडे बघत होती.

"म्हणजे ती मेंदूत गेली, तीसुद्धा अशीच? शेजारणीच्या हाकेनं?"

ल्याओबाई हसायच्या थांबल्या. मला अशा वेळी नीट बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. पण तिथे दुसरं कुणी बोलणार नव्हतं.

"मावशी, ही हाक मुळात जखम भरायची आहे. बोट कापलं, की शेजारच्या पेशी हीच हाक मारतात. मग बाकीच्या सरकून येतात आणि खाच बुजवतात. ती नसती तर आपण एका ओरखड्याने मेलो असतो. हाक मारणारीचा दोष नाही. आजारी पेशी ती ऐकून भलतीकडेच जाते."



"म्हणजे ऐकणारीच उंडगी."

"तसं म्हणता येईल."

"ती होतीच," मावशी म्हणाली आणि बाहीने डोळे पुसले. तेच काय ते डोळे दाखवणं झालं.

तिसरी फिल्म तिला आवडली नाही. तिच्यात शेजाऱ्यांचं पाणी आहे आणि एक औषधही आहे, घंटा झाकून धरणारं. हाक येते, पण आत पोचत नाही. पेशी जागच्या जागी राहतात. मावशी म्हणाली, हे नको, हे बघवत नाही. मी म्हटलं, मावशी, हेच तर हवंय. ती म्हणाली, तुम्हाला हवं असेल. पण प्राध्यापक को खूश आहेत. कपाटातली आईची जागा आता जात नाही, उलट तिला मधला कप्पा मिळाला.

जाताना मावशीने तुझी एक चूक काढली. ती स्वतः सांगणार आहे, पण मीही लिहून ठेवते. तू एका फेकीत दोन प्रश्न विचारलेस. ती पेशींमुळे अडली का, हा एक. त्या संपवायच्या का, हा दुसरा. आईने 'हो' कशाला म्हटलं? मावशी म्हणाली, "एवढा मोठा गिरणीवाला, एका मापात दोन धान्यं घालतो." आमच्याकडेसुद्धा एका बशीत दोन गोष्टी बदलल्या तर निकाल फेकून देतात.

विधीच्या दिवशी मी येते. वेगवेगळं विचार. आईने स्वच्छ सांगितलं, की संपव, तर मी कुप्या बाहेर काढीन आणि ब्लीचमध्ये घालीन. पाच मिनिटांचं काम आहे. हे मी मनापासून लिहिते आहे. प्राध्यापकांची समजूत मी काढीन.

पी-युन


तैपेई, २५ मे

दादास,

बस वेळेवर पोचली. तू बसस्टँडवर माझ्या पिशवीत तांदूळ ठेवलास तो फार जड होता, पण आणला. पिशवी तुझ्या हातून घेताना मी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तूही. दोघंही बसच्या पाटीकडे बघत राहिलो.

काल जे झालं त्यातला एक भाग तुला माहीत नाही. मावशीने सांगू नकोस म्हणून बजावलं आहे. तरी लिहिते, कारण आई कुणाच्या बोलावण्याने आली हे तिच्या मुलाला कळायला हवं.

तू विचारलंस, पूर्वजांत यायला तयार आहेस का. पालथे. पेशींमुळे अडलीस का. हसली. पेशी संपवायच्या का. मी पुढे वाकून बघत होते. हसली. परत विचारलंस, परत हसली. तू म्हणालास, "आई, हसू नकोस, माणसं जेवायची थांबलीत." परत हसली. मग तू कौल ठेवून अंगणात गेलास. सिगारेट सोडल्यापासून तू रागावलास, की दोन रिकामी बोटं ओठांशी नेऊन उभा राहतोस. मला खिडकीतून दिसत होतास.

तू आत आलास तेव्हा वहिनीने सांगितलं, की आईने सलग तीन वेळा हो म्हटलं. कौल कुणी टाकला, असं तू विचारलंस, आणि ती म्हणाली, पी-युनने. ते खरं नाही.

मावशीने टाकला. ती आपल्या कुळातली नाही, तिने आपल्या पूर्वजांच्या पाटीपुढे कौलाला हात लावायचा नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं. गुडघ्यामुळे ती खाली बसलीसुद्धा नाही. उभ्यानेच दोन्ही कौल घेतले आणि जिन्याखालून ओरडायची त्याच आवाजात म्हणाली, "आ-लुआन, निघालीस का? बस आली."

एक उताणा, एक पालथा.

"पुढची सीट धरून ठेवलीय."

एक उताणा, एक पालथा.

"मग चल की."

तिसऱ्यांदाही तेच. वहिनीच्या हातातला चहा तिच्या नव्या चपलांवर सांडला. मावशीने कौल जागेवर ठेवले आणि म्हणाली, त्याला सांगू नका, तो सगळं पहिल्यापासून करायला लावेल आणि सूप गार होईल. तेवढ्यात तू आलास.

राख तू स्वतःच्या हाताने मिसळलीस.  धूर डोळ्यांत गेला, असं तू म्हणालास. धूर माझ्या बाजूला येत होता.

मावशीच्या कौलाने झालं ते चालत नाही असं तुला वाटत असेल, तर पुन्हा करू. मी येईन. आणि पेशींबद्दल आई नुसतीच हसली. हसण्याचा अर्थ काय लावायचा, मला कळत नाही. आमच्याकडे असा निकाल आला, तर पुन्हा करून बघतात. पण आता ती पूर्वजांत गेली, तिला पुन्हा त्याच प्रश्नासाठी उठवणं बरं नाही. म्हणून तुला विचारते. ठेवू का? बोलायचं नसेल तर वहिनीकडे सांग.

अजून एक. रविवारी पेशींचं पाणी बदलायची पाळी माझी नसते. मी तरी येते. कामासाठी ठेवायच्या आहेत, असं मी लिहीत आले, ते सगळंच खरं होतं असं नाही.

पी-युन


तैपेई, ८ जून

दादास,

आज रविवार. सकाळी बाजारात जाऊन आले. तुझ्या तांदळाचा भात केला. दुपारी प्रयोगशाळेत आले. इथे कुणी नाही.

तुझं पार्सल शुक्रवारीच पोचलं. पत्र असेल म्हणून खोका पूर्ण रिकामा केला, तळाचा पुठ्ठाही उचलून बघितला. पत्र नव्हतं. कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट होतं आणि वहिनीची चिठ्ठी, की तू स्वतः दुकानात उभं राहून मागच्या रांगेतलं काढलंस, पुढच्यांची मुदत लवकर संपत होती. आणि मावशीचं तुला कळलं आहे, तू तिला एवढंच म्हणालास, की कढई आता तुझ्याकडेच ठेव.

पाकिटावर तू पोत्यांवर लिहितोस त्याच जाड काळ्या अक्षरांत लिहिलं आहेस. 'आई, फार लांब जाऊ नकोस.'

ल्याओबाईंनी पाकीट उलटसुलट करून तपासलं. रंग बरोबर, फोडलेलं नाही, मुदत पुढच्या वर्षीची. मजकुराला मात्र त्यांची हरकत होती. पाकिटावर यंत्राचं नाव लिहितात, माणसाचं नाही. मग त्यांनी ते परत वाचलं आणि म्हणाल्या, चालेल. प्राध्यापक को जाता जाता थांबले. टाकीवर ठेवू नका, म्हणाले, तिथे गार पडेल.

मी ते उबेच्या कपाटावर ठेवलं, अक्षरं समोर येतील असं. मग हात धुतले, हातमोजे घातले आणि पेशींचं पाणी बदललं.

पी-युन